परत न गेलेले डबे

सुजीत घाटपांडेच्या स्वयंपाकघरात ओट्यावरच्या फळीवर स्टीलच्या डब्यांची एक रांग उभी होती. सगळे घासून, पुसून, कोरडे करून ठेवलेले. त्यातला एकही त्याचा नव्हता.

प्रत्येकाच्या झाकणावर ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलेलं होतं: मै. खै. मुकादम. म्हणजे मैमुनाबी खैरुद्दीन मुकादम, समोरच्या दारातल्या, मूळच्या राजापूरकडच्या. सुजीत त्यांना खाला म्हणायचा. खैरुद्दीनचाचांचं अमिरातीतल्या अल ऐनच्या औद्योगिक भागात मसाल्यांचं आणि सुक्या मासळीचं दुकान होतं. अल ऐनमध्ये इमारती बुटक्या, रस्ते रुंद आणि माणसं गाडीत. पायी चालणारा कुणी दिसला तर तो वाट चुकलाय असं वाटावं. अशा गावात शेजारी म्हणजे समोरचं दार. ते उघडलं तर शेजार, नाहीतर नुसता जिना.

ते दार ईश्वरीने उघडलं होतं. सुजीतची बायको ईश्वरी इथल्या शाळेत गणित शिकवायची. राहायला आल्यावर पहिल्याच शुक्रवारी खालांनी सांदण पाठवलं, ईश्वरीने त्याच डब्यात साबुदाण्याची खिचडी भरून परत केली, आणि तेव्हापासून डबे जिन्यातल्या त्या चार पावलांत ये-जा करत राहिले. घाटपांड्यांकडून थालीपीठ, कोथिंबीरवडी. मुकादमांकडून खापरोळी, शेवया. ईश्वरी मासे-मटण खात नाही हे खालांनी एकदा ऐकलं आणि कायमचं लक्षात ठेवलं. त्या घाटपांड्यांचे पदार्थ वेगळ्या कढईत करायच्या.

जूनमध्ये ईश्वरी लेकीला, दियाला घेऊन पुण्याला गेली. दियाची अकरावी तिथेच व्हावी असं दोघांनी मिळून ठरवलं होतं. सुजीतचा करार अजून दोन वर्षांचा होता. तो राहिला.

त्याची कंपनी दुबई मरीनात होती. आखाती गिऱ्हाइकांसाठी युरोपातल्या अर्थव्यवहाराचा अभ्यास करून द्यायचा हा तिचा धंदा: तिथल्या कंपन्यांचे डावपेच, सरकारांची धोरणं, आणि गेली काही वर्षं सुजीतकडे असलेला विषय, पर्यायी चलनं. युरोपात काही गावं आपली स्वतःची नोट काढतात. ती त्या गावातच चालते, म्हणून पैसा गावातच फिरतो. सुजीत दर मंगळवारी गाडी काढून मरीनाला जायचा. बाकीचे दिवस घरच्या टेबलाशी. सकाळी ऑनलाइन मीटिंगमध्ये तो बोलायचा ते त्या दिवसाचं बहुतेक शेवटचं बोलणं असायचं.

ईश्वरी गेल्यावरही खालांनी शुक्रवार चुकवला नाही. पहिल्यांदा डबा आला तेव्हा सुजीत उभ्यानेच अर्धा संपवून बसला. मग घासला. मग तो हातात घेऊन ओट्यापाशी उभा राहिला.

रिकामं भांडं परत द्यायचं नाही. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. चिंचवडच्या क्वार्टर्समध्ये तो त्यातच वाढला होता. शेजारणीचं पातेलं आलं की आई ते दोन-दोन दिवस ठेवून घ्यायची, पण रिकामं पाठवायची नाही. आता भरायचं काय? त्याला चहा येत होता, कुकरला भात येत होता. एकदा तो बकलावाचा खोका घेऊन आला, पण विकतचं घालून देणं म्हणजे हिशेब चुकता करून मोकळं होण्यासारखं वाटलं. तो बकलावा त्यानेच आठवडाभर खाल्ला. शनिवारी काहीतरी शिकू आणि भरून देऊ, असं त्याने ठरवलं. शनिवार गेला. शुक्रवारी पुढचा डबा आला. आता दोन भरायला हवे होते. दोनाचे तीन झाले, आणि जितके जास्त झाले तितकं ते दार ठोठावणं अवघड झालं. डबा घेताना तो दार अर्धंच उघडू लागला. फळी दिसू नये म्हणून.

ईश्वरीला त्याने यातलं काही सांगितलं नाही. तिला वाटत होतं तो भाजी-पोळी करतो. तसं त्यानेच सांगितलं होतं. त्यांचं फोनवरचं बोलणं आता दियाचा क्लास, सोसायटीचा मेंटेनन्स आणि "एसी सर्व्हिस करून घेतलास का" एवढ्यावर आलं होतं. दिया मागून जाता जाता "हाय बाबा, ऑल गुड?" म्हणायची आणि उत्तराआधी पडद्यावरून निघून जायची.

ऑक्टोबरात एका शुक्रवारी डब्यात कोळंबीचं सुकं आलं. खैरुद्दीनचाचांनी त्याला एका इफ्तारला सुरमई खाताना पाहिलं होतं, त्यांनीच सांगितलं असणार. "मॅडम नाहीत म्हणून पाठवलंय हो," खाला दारात जराशा बिचकत म्हणाल्या. "चालेल ना? नको असलं तर सांग."

"चालेल काय खाला, धावेल," सुजीत अर्ध्या दारातून म्हणाला.

मीठ अंमळ जास्त होतं. त्याने भाताबरोबर सगळं संपवलं, डबा पुसून काढला, घासला, आणि रांगेत नेऊन ठेवला.

पुढच्या शुक्रवारी डबा आला नाही.

त्याच्या पुढच्याही नाही. दुपारी नमाजानंतर जिन्यात चपला वाजायच्या, समोरचं दार उघडायचं, लागायचं. सुजीत कानात हेडफोन न घालता बसून राहायचा. मग बकाल्यातून, खालच्या किराणा दुकानातून, खुब्ज म्हणजे अरबी रोटी आणि दह्याचा डबा आणायचा. खाला गावी गेल्या असतील, असं त्याने स्वतःला सांगितलं. पण संध्याकाळी समोरून फोडणीचा वास यायचा, आणि गावी गेलेल्या बाईच्या घरातून फोडणीचा वास येत नाही.

काम मात्र थांबणारं नव्हतं. दुबईतल्या एका मॉलवाल्या कंपनीला आपल्या दुकानदारांमध्ये चालणारं कुपन काढायचं होतं. त्यांना आधी हे समजून घ्यायचं होतं की युरोपातली अशी नोट बंद का पडते. सुजीतने ग्राउबाख निवडलं होतं. आल्प्सच्या एका खोऱ्यातलं छोटं गाव. तिथली नोट मोठी हुशारीने बेतलेली होती: तीन महिन्यांत पुढे दिली नाही तर तिची किंमत दोन टक्के उतरायची. नोट साठवणाऱ्याचं नुकसान, फिरवणाऱ्याचा फायदा. तरीही चौथ्या वर्षी ती फिरायची थांबली.

"सुजीत सर, ग्राउबाखचं काय?" अलिशाने मरीनाच्या ऑफिसात त्याला कॉफी मशीनपाशी गाठलं. ती त्याची मॅनेजर, वयाने बरीच लहान, वांद्र्याची. "क्लायंट डोक्यावर बसलाय."

"आकडे आलेत. कारण सापडत नाही."

"कारण काय सर, लोकांनी वापरली नाही, खलास."

"का वापरली नाही, हेच तर विचारलंय त्यांनी."

"मग ट्रस्ट डेफिसिट लिहा. युरोपात सगळीकडे चालतं." ती कप घेऊन वळली. "आणि सर, रागावू नका, पण जरा बारीक झालाय तुम्ही. खाता ना नीट?"

"बायको नाही ना इथे," सुजीत म्हणाला, आणि ते उत्तर किती सोयीचं आहे हे त्याचं त्यालाच जाणवलं.

दोन दिवसांनी तो ग्राउबाखच्या लिओनीशी व्हिडिओवर बोलला. तिचे वडील आंटोन गावचे बेकरीवाले. आकडे सांगत होते की गावातल्या नोटा वळून वळून या बेकरीत गेल्या आणि तिथून बाहेर आल्याच नाहीत. सुजीतची अटकळ होती की म्हातारा पक्का व्यापारी असणार. त्याने काहीतरी डाव साधला असणार.

लिओनी हसली. तिच्यामागे खिडकीत पाऊस पडत होता. वडिलांना जाऊन वर्ष झालं होतं. ती म्हणाली, पाव सगळेच घेतात, म्हणून नोटा आमच्याकडे यायच्या. पण पीठ ज्याच्याकडून यायचं तो गिरणीवाला खोऱ्याबाहेरचा, त्याला युरोच हवे. बाबांनी त्या नोटा गावातच कुणाला तरी द्यायला हव्या होत्या. न्हाव्याला, सुताराला. पण त्यांना वाटायचं, आपल्याकडे एवढ्या साठल्यात, त्या घेऊन दारात गेलो तर समोरचा अवघडेल. थोड्या देणं बरं दिसत नाही, सगळ्या देणं जमत नाही. म्हणून पिठाच्या पिंपात ठेवत गेले.

"त्यांचं नुकसान होत होतं ना?" सुजीतने विचारलं. "दर तीन महिन्यांनी?"

"होत होतं. ते त्यांना चालायचं. भीड मोडणं चालायचं नाही."

"आणि गावाला काय वाटलं?"

"गावाला वाटलं, आंटोनला आपली नोट पसंत नाही. साध्या गावकऱ्यांची नोट, म्हणून नाक मुरडतोय. मग त्यांनी बेकरीत नोट द्यायचं बंद केलं. अपमान कशाला करून घ्या? बाबा शेवटपर्यंत म्हणत होते, लोकांनी एकाएकी का बंद केलं कळत नाही."

सुजीतने हे सगळं नीट टिपून घेतलं. त्या दुपारी त्याने अहवालात लिहिलं की ग्राउबाखची साखळी लबाड माणसापाशी तुटली नाही, भिडस्त माणसापाशी तुटली. हे वाक्य त्याला फार आवडलं. मग तो चहा करायला उठला. कपाची जागा फळीवर राहिली नव्हती म्हणून कप तो हल्ली सिंकच्या कडेला ठेवायचा. त्याने कप उचलला, चहा केला, आणि पुन्हा टेबलाशी येऊन बसला.

रविवारी सकाळी बकाल्यातून येताना लिफ्टमध्ये खैरुद्दीनचाचा भेटले. दोन्ही हातांत मासळीच्या पिशव्या. एरवी ते सुजीतला पाहिलं की "काय रे पुणेकर, जिवंत आहेस?" असं ओरडायचे. आज मान हलवली.

"सलाम, साहेब."

साहेब! सुजीतला ते कानाखाली बसल्यासारखं लागलं. "चाचा, खाला बऱ्या आहेत ना? दिसल्या नाहीत."

"बरी आहे, अल्हम्दुलिल्ला."

लिफ्ट हळू होती. पहिला मजला गेला. चाचा दाराकडे बघत म्हणाले, "एक बोलू का साहेब? मनात ठेवण्यापेक्षा बरं. मॅडम होत्या तोवर गोष्ट वेगळी होती. आमच्या घरचं तुम्हाला नको वाटत असेल, तर तसं म्हणायचं. आम्ही काय वाईट वाटून घेणार नव्हतो. मी मैमुनाला बोललो होतो, कोळंबी पाठवू नको, बाहेर खाल्लं तरी बामणाचं घर आहे. ती ऐकते कुठे! आता रडते. म्हणते, पोरानं भांडी पण बाटली म्हणून टाकली असतील."

"चाचा, तसं..."

"टाकली नसतील तर तेवढी दाराशी ठेवा. तिच्या बहिणीनं दिलेली आहेत, लग्नातली. बहीण आता नाही." दार उघडलं. "यल्ला, चलतो."

सुजीतच्या हातातली खुब्जची पिशवी अजून ऊन होती. समोरचं दार लागलं, त्याचं त्याने उघडलं. स्वयंपाकघरात जाऊन तो त्या रांगेसमोर उभा राहिला. घासून लख्ख केलेल्या झाकणांवर त्याचाच चेहरा ओळीने दिसत होता. मग तो टेबलाशी गेला, अहवाल उघडला, आंटोनचं पान वाचलं, आणि लॅपटॉप मिटून टाकला.

त्याने ईश्वरीला फोन लावला. नेहमीच्या वेळेच्या आधी लावला म्हणून ती घाबरली.

"काय झालं? बरा आहेस ना?"

"मी काही स्वयंपाक करत नाही," सुजीत म्हणाला.

"काय?"

मग त्याने सगळं सांगितलं. दही-खुब्ज, अर्धं उघडलेलं दार, कोळंबी, लिफ्ट. फोन फिरवून फळी दाखवली.

"कोळंबी माझ्या घरात खाल्लीस," ईश्वरी म्हणाली.

"हो."

"ते नंतर बघू. अरे, पण रिकामा द्यायचा नाही म्हणून डबाच द्यायचा नाही? हे कुठलं शास्त्र? तुझ्या आई काय करायच्या, घरात काही नसलं की?"

"दोन दिवस ठेवायची."

"आणि तिसऱ्या दिवशी? चमचाभर साखर घालून द्यायच्या! मला त्यांनीच शिकवलंय ते. सगळ्यांना माहितीय ते, सुजीत. साखर घातली की भांडं रिकामं नसतं."

सुजीतला एकदम आईचा हात आठवला: पातेल्याच्या तळाशी साखर टाकणारा, आणि झाकण लावणारा. तोच ते पातेलं शेजारी नेऊन द्यायचा. वाटेत बोट बुडवून साखर चाटायचा. आईने भरून काय दिलंय ते त्याने कायम चाखलं होतं, आणि नेमकं तेवढंच विसरला होता.

"घरात साखर नाही," तो म्हणाला. "चहा मी बिनसाखरेचा पितो."

"मग जा ना, आण! मला काय विचारतोस?"

बकाल्यातल्या मलबारी दुकानदाराने किलोची पिशवी पुढे केली. "पाँच दिरहम, सर." फोन चालूच होता, पुण्याहून ईश्वरी म्हणाली, "म्हणजे सव्वाशे रुपये किलो! असो, घे."

काही डबे पिशव्यांत भरून, उरलेले एकावर एक रचून, हनुवटीने दाबून धरत त्याने कोपराने समोरची घंटा वाजवली. खालांनी दार उघडलं. त्यांनी डबे पाहिले, त्याच्याकडे नाही पाहिलं. "ठेव तिथे," म्हणाल्या. "एवढं आणायची काय गरज होती? ह्यांना पाठवलं असतं."

"खाला, उघडून तरी बघा."

त्यांनी वरचा उघडला. साखर. दुसरा उघडला. साखर. तिसऱ्याचं झाकण काढताना त्या थांबल्या. "हे काय रे बाबा? ह्यांना डायबेटिस, आणि तू साखरेचं दुकान घेऊन आलास!"

"रिकामे कसे देणार होतो?"

"मग इतके दिवस..."

"करता काही येत नाही मला. भरायला काही नव्हतं."

खाला त्याच्याकडे बघत राहिल्या. विश्वास ठेवावा असं त्यांना वाटत होतं, पण ठेवत नव्हत्या. एवढ्या सोप्या कारणासाठी कुणी एवढं करतं का? "खरं सांग," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "कोळंबी खाल्लीस की टाकलीस? मी कुणाला सांगणार नाही."

"खाल्ली."

"चांगली होती?"

सुजीत हो म्हणणार होता. जिभेवर आलेलं ते हो त्याने गिळलं.

"मीठ जास्त होतं, खाला."

आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. खालांनी ओढणी तोंडाला लावली आणि आत वळून ओरडल्या, "ऐकलंत का? मीठ जास्त होतं! तुम्ही गपचूप गिळलंत, हा पोरगा बघा खरं बोलतो!" आणि मग हसता हसता डोळे पुसू लागल्या. "दोनदा पडलं होतं रे. आमच्या लेकीचा, झाराचा फोन आला दुबईहून, तिच्याशी बोलण्याच्या नादात दोनदा टाकलं. पाठवल्यावर कळलं."

आतून चाचांचा आवाज आला, "काय रे पुणेकर, जिवंत आहेस?"

निघताना खालांनी त्याला थांबवलं. आतून एक डबा आणला. हा मुकादमांचा नव्हता. झाकणावर लिहिलं होतं: सौ. ईश्वरी घाटपांडे. "जूनपासून इथेच आहे," त्या म्हणाल्या. "ती आली की भरून देईन म्हणून ठेवला. मी पण तुझ्यासारखीच." त्यात त्यांनी खापरोळ्या घातल्या होत्या.

अहवाल त्याने मंगळवारी दिला. त्यात शेवटी एक शिफारस जोडली होती: या व्यवहारातल्या प्रत्येकाला परत देता येईल अशी एक अगदी लहान, सहज जमणारी गोष्ट आधीच ठरवून द्यावी, मोठं देणं जमेना म्हणून माणूस थांबतो. अलिशाने वाचलं. "सर, स्वीट आहे. पण क्लायंटला स्ट्रॅटेजी हवीय, संस्कार नकोत." तिने तो परिच्छेद तळटिपेत ढकलला. वर ट्रस्ट डेफिसिटच राहिलं. सुजीत वाद घालत बसला नाही. परतीच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना वाळू होती आणि गाडीत रेडिओ बंद होता.

गुरुवारी संध्याकाळी त्याने फोन मसाल्याच्या बरणीला टेकवून उभा केला. पलीकडे पुण्याच्या स्वयंपाकघरात ईश्वरी पोळ्या लाटत होती. अलीकडे ईश्वरीचा घासलेला डबा ओट्यावर होता आणि कढईत पाणी उकळत होतं.

"पीठ वरून भुरभुरव. एका हाताने. ढवळ, ढवळ! गाठी झाल्या ना?"

"झाल्या."

"राहू देत. पिठल्यात गाठी होतातच पहिल्यांदा. चव बघ."

दियाने मागून डोकावून पाहिलं. "बाबा, इज दॅट सपोज्ड टू लूक लाइक दॅट?" आणि या वेळी ती निघून गेली नाही, आईच्या खांद्यावर हनुवटी टेकून पाहत उभी राहिली.

सुजीतने चमचा तोंडात घातला. घरात पंख्याचा आणि त्या दोघींच्या लाटण्या-बोलण्याचा आवाज तेवढा होता. फोन ठेवला की फक्त पंख्याचा उरणार होता, म्हणून त्याने उत्तर द्यायला थोडा वेळ लावला.

"मीठ जरा जास्त झालंय," तो म्हणाला.

"मग थोडं पाणी घाल, पीठ घाल. बसेल."

"नको," सुजीत म्हणाला, आणि त्याने गॅस बंद केला. "असू दे तसंच. उद्या खालांना काहीतरी बोलायला हवं ना."